चमकते ते व्होल्टेज की कॅल्शियम?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘उंदराच्या मेंदूतले विचार कॅमेऱ्यात टिपले’ अशा थाटाचे मथळे मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून दिसतात. शेजारी नखशिखांत हिरव्या चमकणाऱ्या उंदराचे छायाचित्र असते आणि मजकुरात ‘मेंदूतील विद्युतलहरी प्रत्यक्ष पाहिल्या’ असे वाक्य असते. मूळ प्रयोग काढून पाहिला तर बऱ्याचदा तिथे वीज मोजलेलीच नसते, कॅल्शियम मोजलेले असते. ही चूक बारीक वाटेल, पण या क्षेत्रातली सगळी धडपड याच फरकापायी चालली आहे. म्हणून हे पत्र, थोडे लांबले तरी.

चेतापेशी स्वस्थ असते तेव्हा तिच्या पटलाच्या (बाहेरच्या पातळ आवरणाच्या) आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. ती संदेश पाठवते तेव्हा हे व्होल्टेज साधारण १०० मिलिव्होल्टने उसळते आणि एक-दोन मिलिसेकंदांत खाली येते. या उसळीला ‘स्पाइक’ म्हणतात. स्पाइकमुळे पेशीची काही दारे उघडतात, त्यांतून कॅल्शियम आत शिरते आणि मग सावकाश उपसले जाते. म्हणजे कॅल्शियम हा विजेचा परिणाम आहे, खुद्द वीज नव्हे.

सांगलीकरांना यासाठी दूरचा दाखला नको. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पाणी फूटभर चढले, पुन्हा अर्धा फूट उतरले, हे तिथे त्या त्या वेळी कळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ च्या वर गेला. पूर ओसरल्यावर घरांच्या भिंतींवर चिखलाची रेघ उरली. त्या रेघेवरून पाणी येऊन गेले आणि साधारण कुठवर आले ते सांगता येते. मधल्या दिवसांत ते किती वेळा चढले-उतरले हे रेघ सांगत नाही. आणि पाणी पात्रातच ३० वरून २५ फुटांवर गेले तर भिंतीवर काहीच उमटत नाही. व्होल्टेज म्हणजे पुलापाशी मोजलेली पातळी, कॅल्शियम म्हणजे भिंतीवरची रेघ.

आकड्यांत सांगायचे तर जीकॅम्प६एफ हा कॅल्शियमचा बहुवापरातला संवेदक (कॅल्शियम वाढले की उजळणारे प्रथिन) एका स्पाइकनंतर सुमारे ४५ मिलिसेकंदांनी पूर्ण उजळतो आणि निम्म्यावर यायला त्याला आणखी सुमारे १४० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात पेशीने पाच-सहा स्पाइक टाकले तर ते एकमेकांत मिसळून एकच उंचवटा दिसतो. २०२३ साली जाहीर झालेली जीकॅम्प८ मालिका उजळायला पुष्कळ चपळ आहे, तरी मोजते ते कॅल्शियमच. शेजारच्या पेशीने ‘गप्प बस’ असा दाब टाकला आणि व्होल्टेज ५ मिलिव्होल्टने खाली गेले, तर कॅल्शियमच्या चित्रात त्याचा मागमूस नसतो. मेंदूचे पुष्कळ काम तर या दाबण्यावरच चालते.

याचा अर्थ कॅल्शियमची पद्धत कमअस्सल, असा मुळीच नाही. हजारो पेशींपैकी कोणत्या पेशी कोणत्या प्रसंगी जाग्या होतात एवढेच विचारायचे असेल तर तीच योग्य आणि पुष्कळ सोपी. आमचे म्हणणे इतकेच की तिला विजेचे छायाचित्र म्हणू नये.

आता चमकणे म्हणजे काय ते पाहू. त्याची सामग्री सांगलीत घरोघरी आहे. चिमूटभर हळद अर्धी वाटी सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ खाली बसू द्या, वरचा पिवळा द्राव काचेच्या पेल्यात घ्या आणि अंधारात त्यावर नोटा तपासायची जांभळी टॉर्च धरा. द्राव हिरवट-पिवळा झळाळतो. हळदीतले कर्क्युमिन जांभळा प्रकाश गिळते आणि कमी ऊर्जेचा हिरवट प्रकाश परत टाकते. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. हाच प्रयोग पाण्यात केला तर फसतो, कारण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. आणि पेला तासन्‌तास उन्हात ठेवला तर झळाळी उतरते. हळदीचा डाग उन्हात उडतो हे प्रत्येक घरात ठाऊक असते. मेंदूच्या प्रयोगात याच गोष्टीने भल्याभल्यांची झोप उडवली आहे, ते पुढे येईलच. (स्पिरिट आगीपासून लांब ठेवावे आणि टॉर्च डोळ्यांवर मारू नये.)

मेंदूत हळदीऐवजी जीएफपी हे प्रथिन वापरतात. ते मूळचे एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशचे. शिमोमुरा यांनी ते १९६२ मध्ये वेगळे काढले, चाल्फी यांनी १९९४ मध्ये त्याचे जनुक दुसऱ्या जीवांत घालून चमक दाखवली, त्सिएन यांनी त्याचे रंग आणि गुण बदलले. तिघांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नुसते जीएफपी मात्र सतत सारखेच चमकते. व्होल्टेज बदलले की चमक बदलायला हवी असेल तर त्याला पेशीपटलात बसणाऱ्या आणि व्होल्टेजसरशी हलणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाशी जोडावे लागते.

१९९७ मध्ये ‘फ्लॅश’ नावाचा पहिला असा संवेदक आला. पोटॅशियमच्या दारात जीएफपी बसवलेले होते. सस्तन प्राण्यांच्या पेशीत तो पटलापर्यंत नीट पोचतच नसे. आतच साचून राही. साचलेले प्रथिन चमकते, पण व्होल्टेज त्याला कळत नाही, म्हणजे निव्वळ कचरा-उजेड. २००५ मध्ये समुद्रतळाशी राहणाऱ्या सिओना या क्षुद्र दिसणाऱ्या प्राण्यात व्होल्टेज ओळखणारे एक वेगळे प्रथिन सापडले आणि गाडी मार्गी लागली. त्यावर २०१२ मध्ये ‘आर्कलाइट’ उभा राहिला. २०१४ चा ‘असॅप१’ कोंबडीतल्या त्याच घराण्यातल्या प्रथिनावर बेतलेला होता. आर्कलाइट १०० मिलिव्होल्टला तब्बल ३५ टक्के बदलतो, पण त्याला दहाएक मिलिसेकंद लागतात. असॅप१ सुमारे दोन मिलिसेकंदांत हलतो. २०१९ च्या ‘व्होल्ट्रॉन’मध्ये प्रथिन फक्त खुंटी असते आणि तिला अडकणारा झगझगीत रंग वेगळा टोचावा लागतो.

एक गोष्ट बातम्यांत हमखास उलटी छापली जाते. पेशी जागी झाली की ‘उजळते’, असे सगळे गृहीत धरतात. आर्कलाइट, असॅप१ आणि व्होल्ट्रॉन यांत स्पाइकच्या क्षणी चमक घटते. आलेखात टोके वर दिसतात, कारण लेखकांनी अक्ष उलटा काढलेला असतो.

आता उंदीर. तो बहुधा पांढरा नसतो. बहुतेक वाण ‘सी५७ब्लॅक६’ या काळ्या जातीवर तयार केलेले असतात. प्रौढ उंदराचे वजन २० ते ३० ग्रॅम, मेंदू अर्ध्या ग्रॅमच्या आत. हा उंदीर बाहेरून चमकतही नाही. संवेदक फक्त मेंदूतल्या निवडक पेशींत असतो आणि कवटीला खिडकी केल्याशिवाय काही दिसत नाही. नखशिखांत हिरव्या उंदराचे छायाचित्र दुसऱ्याच कुठल्या तरी कामाचे असते, ते कृपया वापरू नये.

निवडक पेशींत संवेदक आणण्यासाठी दोन वाण लागतात. एका वाणात संवेदकाचे जनुक ‘रोझा२६’ नावाच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या जागी बसवलेले असते, पण त्याच्यापुढे ‘थांबा’ असा अडसर असतो. अडसराच्या दोन्ही टोकांना डीएनएच्या ३४ अक्षरांची लॉक्सपी ही खूण असते. दुसऱ्या वाणात क्रे हे प्रथिन केवळ हव्या त्या प्रकारच्या चेतापेशींत तयार होते. दोघांच्या पिल्लात क्रे अडसर कापते आणि फक्त त्याच पेशींत संवेदक सुरू होतो. नर आणि मादी प्रत्येकी आपल्या जनुकाची एकच प्रत बाळगून असतील तर चारांतले एक पिल्लू कामाचे निघते. तीन जनुकांची जुळणी हवी असेल तर आठांत एक. गर्भकाळ १९ ते २१ दिवस, वेतात सहा ते आठ पिल्ले. म्हणजे तीन जनुकांच्या कामात एका वेतातून सरासरी जेमतेम एक. २१ व्या दिवशी आईपासून तोडताना कानाचा दोन मिलिमीटरचा तुकडा घेऊन पीसीआर, म्हणजे जनुकांची तपासणी, करतात. पैदाशीचे हे गणित न मांडता ‘सहा महिन्यांत निष्कर्ष’ लिहून देणारे प्रस्ताव तिथेच कोसळतात.

इथे दोन खड्डे आहेत. काही क्रे वाणांत क्रे बीजपेशींतही जागे होते. मग पुढच्या पिढीत अडसर सगळ्या शरीरातून उडालेला असतो आणि निवडकपणाच संपतो. म्हणून पीसीआरमध्ये ‘अडसर कानातही कापला गेला आहे का’ हे वेगळे तपासावे लागते. दुसरा खड्डा जास्त गंभीर. संवेदक म्हणजे पेशीवर लादलेले परके ओझे. २०१७ मध्ये दाखवले गेले की ईएमएक्स१-क्रे आणि एआय९३ या वाणांसारख्या कॅल्शियम-संवेदक जुळणीतल्या काही उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकात अपस्मारासारखे विद्युत-झटके येतात. लहानपणी डॉक्सिसायक्लिन देऊन जनुक बंद ठेवले तर हा त्रास टळतो, हेही दिसले. मोजायला ठेवलेल्या उपकरणानेच आजार आणावा, अशातली ही गत. व्होल्टेज-संवेदकांत ओझे निराळ्या जातीचे: व्होल्टेजसरशी हलणारे त्यांचे विद्युतभार पटलाची धारणक्षमता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढवतात, आणि संवेदक फार दाटला तर स्पाइकच मंदावतो. जास्त संवेदक म्हणजे जास्त उजेड, हे इथे ठरावीक मर्यादेपर्यंतच खरे.

खिडकीची शस्त्रक्रिया थोडक्यात सांगतो. आयसोफ्लुरेन भूल सुरुवातीला ३ ते ४ टक्के, मग १ ते २ टक्के. डोळ्यांना मलम, अंगाखाली ३७ अंशांची गादी, वेदनाशामक आधी आणि नंतरही. कवटीला सुमारे ३ मिलिमीटरचा गोल ड्रिलने झिजवत नेतात. दर दहा-पंधरा सेकंदांनी थांबून थंड सलाइन सोडावे लागते; न थांबता चालवले तर हाड तापून खालच्या पेशी भाजतात आणि तीन आठवड्यांनी गढूळ खिडकी मिळते. गोल उचलताना खालचे जाड आवरण फाटले तरी तेच. वर ०.१५ मिलिमीटरची काच डेंटल सिमेंटने बसवतात. काच आणि मेंदू यांत फट राहिली तर मेंदू हलतो आणि फटीत ऊती वाढते. काच फार दाबली तर खालचा रक्तपुरवठा खुंटतो. दोन-तीन आठवडे भरून येऊ द्यायचे, मग उंदराला डोके स्थिर ठेवून चाकावर चालायची रोज थोडी सवय लावायची. घाबरलेल्या उंदराची नोंद ही घाबरण्याचीच नोंद असते.

आता खरी अडचण, आणि ती जीवशास्त्राची नाही, मोजणीची आहे. स्पाइक एक मिलिसेकंदाचा, म्हणून सेकंदाला १,००० चित्रे हवीत. प्रकाश फोटॉनांनी, म्हणजे प्रकाशकणांनी, येतो आणि फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एका चित्रात एका पेशीकडून १०,००० फोटॉन आले तर ती संख्या आपोआपच वर्गमुळाइतकी, म्हणजे १०० ने, मागेपुढे होते. हा झाला १ टक्का गोंगाट. स्पाइकने चमक ५ टक्के बदलत असेल तर तो गोंगाटाच्या पाचपट, म्हणजे स्पष्ट दिसेल. पण त्यासाठी त्या एका पेशीने सेकंदाला १ कोटी मोजले जाणारे फोटॉन द्यायला हवेत. कॅल्शियमचा संवेदक पेशीच्या पोटात भरलेला असतो. व्होल्टेजचा फक्त पटलात, आणि पटलाची जाडी एक मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. रेणूच कमी, म्हणून प्रत्येक रेणूवर मारा जास्त, आणि मग हळदीच्या डागासारखे त्यांचे उडणे. नोंद काही मिनिटांची होते ती यामुळे.

नेहमीचा लेसर-स्कॅनिंग मायक्रोस्कोप सेकंदाला ३० चित्रे घेतो. तो चालणार नाही का? हिशोब करून पाहा. एका चित्राचा काळ ३३ मिलिसेकंद, त्यात फोटॉन सुमारे ३,३०,०००, गोंगाट ०.१७ टक्के. एक मिलिसेकंदाचा ५ टक्के बदल ३३ मिलिसेकंदांवर पसरला की उरतो ०.१५ टक्के. स्पाइक गोंगाटाखाली गेला. कॅल्शियमचा लांबलेला उंचवटा मात्र याच यंत्रावर छान दिसतो. बातमीत ‘सेकंदाला ३० चित्रे’ असे असेल तर स्पाइक मोजलेले नाहीत, असे वाचकाने खुशाल समजावे.

वेगवान कॅमेऱ्यालाही किंमत मोजावी लागते. नेहमीचा २,०४८ ओळींचा वैज्ञानिक कॅमेरा पूर्ण चौकटीत सेकंदाला १०० चित्रे देतो. १,००० हवीत तर चौकट सुमारे २०० ओळींवर आणावी लागते. तरीही दर सेकंदाला सुमारे ०.८ गिगाबाइट, म्हणजे वीस मिनिटांत जवळजवळ एक टेराबाइट. साधी हार्डडिस्क इतक्या वेगाने लिहू शकत नाही. मधली चित्रे गळतात, आणि गळाली हे लगेच कळतही नाही.

नोंद हाती आली तरी घात करणारी एक गोष्ट उरतेच: रक्त. हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश शोषते, त्यामुळे प्रत्येक नाडीबरोबर चित्र किंचित काळवंडते-उजळते. जाग्या उंदराचे हृदय मिनिटाला ५०० ते ७०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला ८ ते १२. आणि चालणाऱ्या उंदराच्या मेंदूतली प्रसिद्ध थीटा लय असते साधारण सेकंदाला ४ ते १२ च्या पट्ट्यात! नाडीलाच मेंदूची लय समजण्याचा धोका उघड आहे. त्यावर उपाय म्हणून ‘बटरफ्लाय’ जातीच्या संवेदकांत दोन रंग असतात. व्होल्टेज बदलले की एक वाढतो, दुसरा घटतो. रक्तामुळे मात्र दोन्ही एकाच दिशेने हलतात. भागाकार केला की रक्त गळावे, ही कल्पना. प्रत्यक्षात लाल प्रकाश रक्तात कमी शोषला जातो, म्हणून दोन्ही रंग आधी नाडीच्या वारंवारतेवर सारखे जुळवून घ्यावे लागतात. हे न करता नुसता भागाकार केलेले आलेख देखणे दिसतात, एवढेच.

म्हणून आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो तुलनेचा उंदीर: ज्यात व्होल्टेज न कळणारे साधे जीएफपी त्याच पेशींत आहे. त्याच खिडकीतून, त्याच उजेडात, त्याच चाकावर त्याची नोंद घ्यायची. त्यातही ‘सिग्नल’ दिसला तर तो विजेचा नाही. रक्ताचा किंवा हलण्याचा आहे. पेशी दहा-पंधरा मायक्रोमीटरची. उंदीर धावताना मेंदू त्यातले एक-दोन सरकला तरी पटलाची चमक बदलते. शोधनिबंधात हा तुलनेचा उंदीर सापडला नाही तर आम्ही पुढची पाने सावधपणे उलटतो.

परवानग्यांबद्दल बरेच गैरसमज आहेत. भारतात असा उंदीर दोन कायद्यांखाली येतो. प्रयोगातला प्राणी म्हणून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम, त्यासाठी संस्थेची प्राणी-नीतिसमिती. आणि जनुक बदललेला जीव म्हणून १९८९ चे नियम, त्यासाठी जैवसुरक्षा समिती. एक परवानगी दुसरीच्या जागी चालत नाही. आधी नोंदणीकृत प्राणिगृह लागते ते वेगळेच. त्यामुळे सांगली-मिरजेच्या साध्या पदवी महाविद्यालयात हे काम उद्या सुरू होईल, असे कुणी विद्यार्थ्यांना सांगू नये.

पण उंदराशिवाय करता येण्याजोगे काम इथे भरपूर आहे, आणि ते अभियांत्रिकीच्या मुलांच्या हातचे आहे. व्होल्टेजच्या चित्रांतून पेशी वेगळ्या काढून स्पाइक शोधणारी ‘व्होलपाय’ ही मोफत संगणक-प्रणाली पायथॉनमध्ये उपलब्ध आहे. ती उघडण्यापूर्वी एक सोपा सराव करावा. संगणकावर दर चित्राला सरासरी १०,००० फोटॉनांची पॉयसाँ मालिका (थेंबांसारखी अनियमित पडणारी संख्या) तयार करा, त्यात मनाला येईल तिथे एक मिलिसेकंदाचे ५ टक्क्यांचे खळगे टाका, दर मिनिटाला १० टक्के चमक उडू द्या, वर सेकंदाला १० वेळा होणारी २ टक्क्यांची नाडी मिसळा. मग आपण कुठे खळगे टाकले ते न पाहता ते शोधा. किती सुटले आणि किती खोटे सापडले, हे दोन आकडे लिहा. नंतर फोटॉन १,००० वर आणा. गोंगाट ३ टक्क्यांवर गेलेला असेल, खळगे आणि गोंगाट ओळखू येईनासे होतील, आणि संशोधक एवढा प्रखर लेसर का मारतात ते कळेल.

उंदराच्या मेंदूत सुमारे ७ कोटी चेतापेशी आहेत. व्होल्टेजच्या पद्धतीने एका वेळी त्यांतल्या काही डझन, फार तर काहीशे पाहता येतात, त्याही बहुतेक वरच्या थरातल्या. ‘विचार वाचले’ या शब्दांना इथे जागा नाही. आपल्या विज्ञान-पानाकडून एवढीच विनंती, की अशा बातमीत चार गोष्टी छापाव्यात: मोजले ते व्होल्टेज की कॅल्शियम, सेकंदाला चित्रे किती, प्रयोग जिवंत उंदरात झाला की मेंदूच्या कापात, आणि तुलनेचा उंदीर होता का. चार ओळींत हे बसते, हिरव्या उंदराच्या छायाचित्रापेक्षा कमी जागेत.

आपले विश्वासू,
जीवशास्त्र व भौतिकशास्त्राचे काही अध्यापक,
विश्रामबाग, सांगली